चादरीच्या पलीकडचा बाकारी

ज्या माणसाचा मी चार वर्षं हेवा केला, तो रोज माझ्यासमोर पाच-सहा फुटांवर उभा असायचा. आमच्या मध्ये एक ओली चादर. तिची दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या. एकदम झटकायची, ताणायची आणि गरम रोलरच्या तोंडात सरळ सोडायची. लगेच पुढची. इथे परदेशात, मनुरेवा नावाच्या उपनगराजवळच्या आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या आणि मोटेलांच्या चादरी येतात. पहाटे सहा ते दुपारी अडीच एवढ्या चादरी आमच्या हातांतून जायच्या, की शेवटी शेवटी मला चादरीच्या ताणावरून कळायचं, आज बाकारीचं काहीतरी बिनसलंय की तो गाणं आठवतोय.

बाकारी कुलिबाली. आफ्रिकेतल्या माली देशाचा. उंच, किडकिडीत, कानांवरचे केस पांढरे. लाँड्रीत काम करणारा माणूस टाय लावून येतो हे मी त्याच्यामुळे पाहिलं. गडद लाल टाय. लॉकरपाशी तो काढून, नीट गुंडाळून जेवणाच्या डब्याशेजारी ठेवायचा आणि अडीच वाजता पुन्हा लावून घरी जायचा. मी एकदा विचारलं, "अरे, कुणासाठी?" तर म्हणाला, "रस्त्यात माझा एखादा विद्यार्थी भेटला तर?" त्याचे विद्यार्थी सगळे मालीत. तिथे तो एका खेड्यातल्या शाळेत इतिहास शिकवायचा. त्याची बायको रूथ इथली, हॅमिल्टनकडची. तिच्या आईला बघायला म्हणून ते दोघं इकडे आले आणि राहिले. इथे त्याच्या पदवीचे कागद कुणी मानेना, म्हणून चादरी.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. माझे कागद मानायचा प्रश्नच नव्हता. माझी बायको सुनंदा नर्स आहे. तिच्या नोकरीवर आम्हाला व्हिसा मिळाला, तेव्हा आमची मुक्ता दोन वर्षांची होती. आमचं इथे जे काही आहे ते सुनंदामुळे, आणि हे मी कुणालाही सांगतो, मला त्याची लाज नाही. पण ज्याला सगळं दुसऱ्यामुळे मिळालेलं असतं ना, त्याला कायम वाटत राहतं, कुणीतरी येईल आणि म्हणेल, चला, चूक झाली होती, उठा इथून. आजही पांढरं पाकीट टपालात आलं की ते मी आधी सुनंदाला उघडायला देतो.

बाकारीला अशी धास्ती ठाऊकच नव्हती. सकाळी आला की तो एकेकाकडे जाऊन विचारपूस करायचा. घर कसं आहे? बायको? मूल? आई? गाव? पाऊस पडला का तिकडे? उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय हलायचा नाही. मशीन चालू व्हायला पाच मिनिटं उशीर व्हायचा. आमची सुपरवायझर लुपे सामोआ बेटांवरची, आवाज असा की धुलाईच्या यंत्रांवरून ऐकू यावा. मी एक मिनिट उशिरा आलो तर तीच लुपे घड्याळाकडे बोट दाखवायची. बाकारीला मात्र स्वतःच्या आईच्या गुडघ्यांचं सगळं सांगत उभी राहायची.

एकदा हॉस्पिटलच्या चादरींत दातांची कवळी सापडली. मला सापडली. आता म्हणतील, ह्यानंच तोडली. मी ती बाकारीच्या हातात दिली आणि म्हटलं, "तूच सांग बाबा लुपेला. तुझं इंग्रजी बरं आहे." खरं तर त्याच्या इंग्रजीत अर्धं फ्रेंच असायचं. त्यानं कवळी धुतली, पाकिटात घातली, गाठोड्यावरचा वॉर्डाचा नंबर पाहून फोन लावला. पंधरा दिवसांनी एका म्हाताऱ्या बाईंचं आभाराचं कार्ड आलं, फुलाफुलांचं, बाकारीच्या नावानं. लुपेनं ते जेवणाच्या खोलीत भिंतीवर लावलं. मी रोज त्याच्याखाली बसून पोळीभाजी खायचो. आता मला सांगा, तक्रार कुणाकडे करणार?

पण हे सगळं चाललं असतं. चालेना झालं ते मुक्तामुळे.

नाताळच्या आधी लाँड्रीत सगळ्यांना मुलाबाळांसकट सॉसेज खायला बोलावतात. मुक्ता तेव्हा दहा वर्षांची होती. सगळी पोरं पाण्याच्या पाइपनं खेळत होती आणि ही बाकारीसमोर उपड्या क्रेटवर बसलेली. तो तिला साकुराची गोष्ट सांगत होता.

मालीचं मोठं साम्राज्य होतं, सातशे वर्षांपूर्वी. तिथला मुसा राजा सगळ्यांना माहीत असतो, सोनं वाटत मक्केला गेला तो. मुक्तालाही शाळेत सांगितलेला. "मुसा सोड," बाकारी म्हणाला, "मुसाचं सगळे सांगतात. त्याच्या आधीचा साकुरा ऐक." ते राज्य उभं करणाऱ्या मोठ्या राजाची पोरं एकामागून एक गादीवर बसली. त्यातला एक तर वेडा. गंमत म्हणून माणसांवर बाण सोडायचा. लोकांनीच त्याला संपवला. राज्य बुडायला आलं. तेव्हा दरबारातला साकुरा पुढे झाला. तो राजघराण्याचा गुलाम होता, पुढे मोकळा केलेला. त्यानं गादी घेतली, राज्य सावरलं, वाढवलं, दूरदूरचे व्यापारी यायला लागले. मग तोही मक्केला गेला आणि परत येताना वाटेत मारला गेला. गादी पुन्हा जुन्या घराण्याकडे गेली.

"आमच्याकडे भाट असतात," बाकारी म्हणाला. "राजांची नावं गातात, बापाचं, आज्याचं, खापरपणज्याचं. साकुराचं फारसं कुणी गात नाही. भाट रक्ताचं गातो. ह्याच्या रक्तात गायला काय होतं?"

"मग तो तुम्हाला कसा माहीत?" मुक्तानं विचारलं. इंग्रजीत. घरीही ती मराठी समजते, पण उत्तर बहुतेक इंग्रजीतच देते.

"कुणा अरबानं पुस्तकात चार ओळी लिहून ठेवल्या. त्याला माहीत होता, मला माहीत आहे, आता तुला माहीत झाला. किती झाले? तीन. बरी सुरुवात आहे."

त्या दिवसापासून माझ्या घरात साकुरा राहायला आला. दुपारी तीनला मी मुक्ताला शाळेतून घ्यायचो. आधी ती गाडीत बसली की "बाबा, काय खायला आणलंय?" म्हणायची. आता दार लावायच्या आत, "बाकारीनं आज काय सांगितलं?" आणि मी, दिवसभर चादर ओढलेला माणूस, निरोप्यासारखा त्याच्या गोष्टी तिला पोचवायचो. त्यातही चुका. "नाही बाबा, तो दुसरा राजा." बाकारी मला 'मुक्ता-फा' म्हणायचा, म्हणजे मुक्ताचा बाप, त्यांच्याकडे अशीच हाक मारतात. मला वाटायचं, हा रोज मला आठवण करून देतोय का, की बाप तू आहेस?

मग शाळेत पेपेहा आला. इथे मुलांना इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या रीतीनं स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात. माझा डोंगर अमुक, माझी नदी अमुक, माझे पूर्वज अमुक. डोंगर आणि नदी मी पटकन सांगितली. पांडवगड आणि कृष्णा. मग मुक्तानं विचारलं, "पूर्वज?"

"तुझे आजोबा."

"ते काय करायचे?"

"दुकान होतं. कापडाचं."

ओट्याशी उभ्या सुनंदानं माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्या आधी?"

"तेही... तेच."

"नाव?"

मला आजोबांच्या वडलांचं नाव माहीत नव्हतं. मुक्तानं पेन्सिल ठेवली. "बाकारीला सातशे वर्षं माहितीयेत," ती म्हणाली. चिडून नव्हे. असंच, हिशेब सांगावा तसं.

आमचं कापडाचं दुकान नव्हतं. आम्ही परीट. माझे वडील गावाचे कपडे घाटावर धुवायचे आणि त्या बदल्यात सुगीला खळ्यावरून धान्य आणायचे. पाटलांच्या ओट्यापाशी उभे राहिले की पाटलांची पोरं त्यांना अरेतुरे करून काहीबाही बोलायची आणि वडील हसायचे. त्यांचं ते हसू मी पाहिलेलं आहे. मी आठवीत असताना त्यांची पाठ गेली आणि त्यांच्या जागी मी उभा राहिलो, शाळा संपली. समुद्र ओलांडून इतक्या लांब आलो आणि पुन्हा दुसऱ्यांच्याच चादरी. हे मी इथल्या मराठी मंडळातही कुणाला सांगितलेलं नाही. कुणी आडनाव विचारलं की मी चहाचं बघायला उठतो.

त्याच सुमारास आमच्या मालाच्या गाडीवर नवा ड्रायव्हर आला. गिनीचा, मालीच्या शेजारच्या देशाचा. केइता नावाचा, दांडगा, गोल चेहऱ्याचा. पहिल्याच दिवशी बाकारीनं आपलं नाव सांगितलं मात्र, हा केइता दोन पावलं मागे सरला आणि सगळ्यांदेखत, सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत ओरडला, "कुलिबाली? तू कुलिबाली? अरे माझ्या गुलामा! तुला इथे कुणी सोडला? घेवडे खाऊन खाऊन पळून आलास होय?"

ट्रॉली हातात धरून मी थिजलो. बाकारीकडे पाहिलं. बाकारी हसत होता. मान खाली, खांदे हलताहेत, हसतोय. त्यानं त्यांच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं, ते मला कळणारही नव्हतं. मला फक्त ते हसू दिसलं. ओट्यापाशी उभ्या माझ्या वडलांचं.

नंतर मी केइताला एकट्याला गाठून विचारलं, "ते खरं आहे का? गुलामाचं?"

तो एकदम गंभीर झाला. "म्हणजे काय! सगळे कुलिबाली आम्हा केइतांचे गुलाम. राजे आम्ही. त्यालाच विचार."

मी विचारलं नाही. उरलेला दिवस मी बाकारीसमोर चादरी ओढल्या आणि मला काय वाटत होतं ते लिहितो, कारण न लिहून उपयोग नाही. मला बरं वाटत होतं. हलकं वाटत होतं. माझ्यासारख्याला, ज्यानं वडलांना तसं उभं राहिलेलं पाहिलंय, त्याला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

तीन वाजता मुक्ता गाडीत बसली. "बाकारीनं आज काय सांगितलं?"

"त्यानं नाही, दुसऱ्यानं सांगितलं," मी म्हटलं. "तुझा बाकारी राजाबिजांच्यातला नाही हं. त्याच्या घरचे गुलाम होते. राजघराण्यातला माणूस आलाय ना आता, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं."

घर येईपर्यंत मुक्ता खिडकीबाहेरच बघत राहिली. मला वाटलं, उतरला एकदाचा तिच्या मनातून.

महिन्याभरानं तिच्या शाळेत भाषणं होती. तिनं विषय घेतला साकुरा, आणि बाकारीला स्वतः चिठ्ठी लिहून बोलावलं. शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत तो बसला, लाल टाय लावून. शेजारी मी. सुनंदाची ड्यूटी होती. मुक्ता स्टेजवर आली, "किआ ओरा" म्हणून माओरी नमस्कार केला आणि न अडखळता बोलायला लागली. वेडा राजा, बाण, साकुरा, मक्का. मला घाम फुटला, अभिमानानंच. आणि शेवटी ती म्हणाली, "ही गोष्ट मला माझ्या मित्रानं सांगितली. तो इथे बसलाय. त्याच्या घरचे लोकसुद्धा साकुरासारखे गुलाम होते. हे मला माझ्या बाबांनी सांगितलं. म्हणून मला वाटतं, साकुराचं नाव त्यानंच गायला हवं."

तिच्या बाईंचा चेहरा उतरला. मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची सरकवली. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो.

शेजारून एकदम मोठा आवाज झाला. बाकारी हसत होता. मान मागे टाकून, टाळी वाजवून. उभा राहिला आणि म्हणाला, "केइताचं ऐकू नका! केइता खोटारडा आहे! तेच आमचे गुलाम आहेत!" कुणालाच काही कळलं नाही. पण तो टाळ्या वाजवत राहिला तेव्हा बाकीच्यांनीही वाजवल्या.

बाहेर बिस्किटांच्या टेबलाशी मुक्ता रडकुंडीला आली होती. "मी काही चुकीचं बोलले का?"

"काही नाही," बाकारी म्हणाला. "हा आमच्या आडनावांचा खेळ आहे. केइता आणि कुलिबाली भेटले की एकमेकांना गुलाम म्हणणारच, घेवडेखाऊ म्हणणारच. माझ्या आजोबांनी त्याच्या आजोबांना म्हटलं असेल. मयताच्या घरीसुद्धा म्हणतात, रडणाऱ्यानं हसावं म्हणून. ज्या दिवशी केइता मला शिवी देणार नाही, त्या दिवशी समजायचं, हा रागावलाय. मी त्याला त्या दिवशी काय म्हटलं माहितीये? तुझा बाप माझ्या बापाची गाढवं राखायचा, म्हटलं."

मुक्ता हसली, नाक पुसत. मग बाकारीनं माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाला, "मुक्ता-फा, सगळ्या लाँड्रीनं ते ऐकलं. सगळ्यांना वाटलं, दोन येडे मस्करी करताहेत. तुझाच एवढ्या पटकन विश्वास कसा बसला?"

मी म्हणू शकलो असतो, इंग्रजी कळलं नाही. मुक्ता माझ्याकडे बघत होती. हातातलं बिस्किट चहात बुडवून ठेवलं होतं ते तुटून पडलं.

"माझे वडील तसे हसायचे," मी म्हटलं. आणि मग मराठीत, मुक्ताला. "आजोबांचं दुकान नव्हतं, मुक्ता. ते गावाचे कपडे धुवायचे. लोक त्यांना बोलायचे आणि ते हसायचे. ती मस्करी नव्हती. मला वाटलं, ह्याचंही तसंच."

बाकारीला मराठी कळत नव्हतं. पण तो पूर्ण ऐकून घेत उभा राहिला.

मुक्ता म्हणाली, "यू सेड शॉप."

"हो."

"मी पेपेहात शॉप लिहिलं. सगळ्या वर्गासमोर वाचलं."

"हो."

"व्हाय वुड यू लाय अबाउट दॅट? तुम्ही पण तर तेच करता. लाँड्री." आणि ती तोंड फिरवून बाईंकडे निघून गेली.

चार दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. लाँड्रीत बाकारीनं विषय काढला नाही. एकदाच, चादर झटकता झटकता म्हणाला, "माझा राग गेला हं, मुक्ता-फा. म्हणजे एक दिवस होता." तो एक दिवस कुठला होता मला माहीत होतं. त्या दिवशी चादर कडक ताणलेली होती.

पाचव्या दिवशी गाडीत मुक्तानं आपण होऊन विचारलं, "एवढ्या घरांचे कपडे. मिक्स नाही व्हायचे?"

"खुणा असायच्या," मी म्हटलं. "बिब्बा म्हणून एक बी असतं, त्याचा रस काळा, धुतला तरी जात नाही. त्यानं कोपऱ्यात खूण करायची. प्रत्येक घराची वेगळी. दोन ठिपके आणि रेघ म्हणजे पाटील. उलटा कोयता म्हणजे मास्तर."

"लिहून ठेवायचे?"

"त्यांना लिहिता येत नव्हतं. डोक्यात. सगळं गाव डोक्यात."

ती सीटवर माझ्याकडे वळली. "लाइक अ सीक्रेट कोड?"

"तसंच."

"तुम्हाला येतात?"

घरी येऊन मी टेबलाशी बसलो आणि तिच्या वहीत खुणा काढायला लागलो. वाटलं होतं, पाच-सहा आठवतील. हात थांबेना. सुतारांची, गुरवांची, वरच्या आळीतल्या दोन भावांची, वेगळे झाल्यावर धाकट्याला दिलेला जास्तीचा ठिपका. सुनंदा पदर खोचून पाठीमागे येऊन उभी राहिली. "अहो, हे मलासुद्धा कधी सांगितलं नाहीत." मुक्ता एकेका खुणेखाली माझ्याकडून ऐकून घराचं नाव लिहीत होती. आणि ती वही तिनं सगळ्यांत आधी कुणाला दाखवली असेल? शनिवारी मलाच गाडी काढायला लावून ती वही घेऊन गेली, बाकारीच्या घरी. तो चष्मा लावून अर्धा तास ती वही बघत होता, आणि ती त्याच्या खुर्चीच्या हातावर बसून त्याला समजावून सांगत होती, माझं गाव. मी रूथनं दिलेला चहा पीत बसलो.

पुढच्या वर्षी बाकारीचे कागद मानले गेले. पार दक्षिणेला, डनिडन शहरातल्या एका शाळेत फ्रेंच आणि इतिहास शिकवायला त्याला बोलावलं. लुपे रडली. मी मनापासून अभिनंदन केलं आणि मनापासूनच मला वाटलं, ह्यालाच का. रूथ सामान घेऊन आधी गेली होती. विमानतळावर त्याला सोडायला मी आणि मुक्ता गेलो.

तपासणीच्या रांगेपाशी गर्दी होती. आम्ही काचेच्या अलीकडे थांबलो. त्याला पट्टा काढायला लावला असावा, कारण तो एका हातानं पँट सावरत, दुसऱ्या हातानं ट्रेमध्ये चाचपत उभा होता, पलीकडे जावं की थांबावं हे न कळल्यासारखा. इतक्या वर्षांत मी त्याला गोंधळलेला कधी पाहिला नव्हता. मुक्तानं काचेवर थापा मारल्या. त्याला ऐकू गेलं नाही. मध्ये माणसं आली.

"मला दिसत नाहीये. बाबा, उचला मला."

अकरा वर्षांची मुलगी. गुडघे वाकवून मी तिला खांद्यावर घेतलं. कंबरेतून कळ गेली. ती माझे केस मुठीत धरून, ताठ होऊन, दोन्ही हात हलवायची आणि पुन्हा केस धरायची. "त्यानं पाहिलं! बाबा, त्यानं पाहिलं! बघा, पँट धरूनच हात हलवतोय!" मला समोरच्या माणसाच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं.

"अजून आहे का?" मी विचारलं.

"आहे. अजून आहे. थांबा ना थोडं."

मी थांबलो.